प्रौढवर्ग : सही, सातबारा आणि साक्ष

प्रौढशिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा सरकारी योजनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या साली कोणती योजना आली, तिचे उद्दिष्ट किती होते, किती माणसे साक्षर झाली, एवढे सांगितले की इतिहास संपला असे मानले जाते. या मांडणीत एक मूलभूत गोष्ट झाकली जाते. महाराष्ट्रातला प्रौढवर्ग सरकारने सुरू केला नाही. ज्यांना अक्षरापासून हजारो वर्षे दूर ठेवले, त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसांनी तो सुरू केला. चिखलदरा तालुक्यातील कोरकू ढाण्यांवर मी काही काळ प्रौढवर्ग चालवला आणि पुढेही तिकडे जाणे-येणे ठेवले. त्या अनुभवातून या इतिहासाकडे पाहताना मला जे दिसले ते येथे मांडतो.

१८५५ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात आपल्या घरी कामकरी आणि शेतकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून आलेला माणूस रात्री पाटी घेऊन बसतो, ही घटना आपण नीट समजून घेतली पाहिजे. त्याला कोणी भत्ता देत नव्हते, प्रमाणपत्र देत नव्हते. भटजी, सावकार आणि कुळकर्णी या तिघांनी कागदाच्या जोरावर आपल्याला नागवले आहे, हे त्याला उमगू लागले होते. म्हणजे वर्गात येण्यापूर्वीच त्याच्या मनात प्रश्न होता, आणि अक्षर हे त्या प्रश्नाचे हत्यार होते. प्रौढशिक्षणाचे बीज हे आहे.

हाच धागा बाबासाहेबांच्या चळवळीत अधिक बळकट झाला. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृहांबरोबर वाचनालयांचाही विचार केला. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांना येता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. पुढल्याच वर्षी, १९४७ साली, कामकऱ्यांसाठी सिद्धार्थ रात्रशाळा सुरू झाली. पण याहून मोठी शाळा वस्तीवस्तीत भरत होती. 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) ही पत्रे वस्तीत येत, वाचता येणारा एखादाच असे, आणि त्याच्याभोवती बाकीचे बसून ऐकत. वऱ्हाडातील जुन्या माणसांच्या तोंडून मी हे अनेकदा ऐकले आहे. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तिला आलेल्या माणसांत लिहिता-वाचता येणारे थोडेच असणार. तरीही आपण कशासाठी आलो आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते. हे ज्ञान त्यांना कोणत्या साक्षरता केंद्राने दिले होते?

वऱ्हाडात या परंपरेला आणखी एक आधार आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माणसाने कीर्तनाचा वर्ग केला. ते व्याख्यान देत नसत, विचारत असत. देवळातल्या दगडाबद्दल, कर्ज काढून केलेल्या लग्नाबद्दल, दारूबद्दल, शिवाशिवीबद्दल ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकीत आणि समोरच्या समुदायाकडूनच उत्तर काढून घेत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, ती शिक्षणाच्या कामी यावी म्हणून. २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, तेही गेले. विचार करायला शिकवण्यासाठी अक्षराची वाट पाहावी लागत नाही, हे त्यांच्या कीर्तनाने सिद्ध केले. आधी प्रश्न आणि मग पाटी, असा हा क्रम आहे.

ही पार्श्वभूमी घेऊन आता चिखलदऱ्याच्या डोंगरावर जाऊ. हे ठिकाण १८२३ साली हैदराबाद रेजिमेंटच्या एका इंग्रज कप्तानाने 'शोधले' असे पर्यटकांच्या पुस्तकात लिहिलेले असते. जणू तोवर तेथे कोणी राहतच नव्हते! कोरकू या शब्दाचा अर्थच 'माणसे' असा आहे. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. स्वतःला माणसे म्हणवणाऱ्या या समाजाच्या रानात १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे आल्यानंतर राखीव जंगलाची व्यवस्था आली. तिच्याबरोबर कागद आला. चराईची पावती, दंडाची पावती, वनरक्षकाची नोंदवही, कोंडवाड्याचा हिशेब. कोरकूंच्या आयुष्यात अक्षर प्रथम आले ते त्यांच्याविरुद्ध लिहिलेल्या नोंदीच्या रूपाने. १९७३-७४ साली देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाटाची निवड झाली आणि या नोंदवहीची पाने आणखी वाढली.

बाहेरून आलेल्यांपैकी काही थोड्यांनी त्यांची भाषा शिकण्याची तसदी घेतली. ड्रेक नावाच्या मिशनऱ्याने कोरकू भाषेचे व्याकरण लिहून १९०३ साली प्रसिद्ध केले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. पण त्यासाठी का होईना, त्याला कोरकू माणसासमोर विद्यार्थी म्हणून बसावे लागले. ही भाषा मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची नातलग. स्वातंत्र्यानंतर शिकवायला गेलेल्या आपण किती जणांनी हे लक्षात घेतले?

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १५ ते ३५ वयोगटातील दहा कोटी निरक्षरांना पाच वर्षांत साक्षर करण्याचे उद्दिष्ट होते. कागदावर हा कार्यक्रम पुरोगामी होता हे मान्य केले पाहिजे. साक्षरता, व्यवहारातील कौशल्य आणि सामाजिक जाणीव असे त्याचे तीन पाय होते. एका केंद्रावर तीस जण, एक प्रशिक्षक, सुमारे दहा महिने. दुसऱ्याच वर्षी मी चिखलदरा परिसरातील एका ढाण्यावर कंदील आणि पाट्या घेऊन गेलो.

पहिले काही दिवस माणसे आली. मग एका म्हाताऱ्याने मला सरळ विचारले, "गुरुजी, सही आली म्हणून कोंडवाड्यातला बैल सुटेल का?" माझ्याजवळच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते पुस्तक मराठीत होते, सपाटीवरच्या शेतकऱ्याला समोर ठेवून लिहिलेले. बायका धड्यातला शब्द वाचीत, मग आपसांत कोरकूत त्याचा अर्थ लावीत, आणि बहुतेक वेळा तो लागत नसे. दिवाळी झाली, शेतातले संपले, आणि ढाणाच रिकामा झाला. माणसे पोटासाठी परतवाडा-अकोटकडे, संत्र्याच्या बागांत, बांधकामावर निघून गेली. ती परतणार होळीला, कारण होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. मधले तीन-चार महिने वर्ग हजेरीपटावर चालू होता. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी नावे मोजली, सह्या मोजल्या आणि समाधानाने डोंगर उतरले.

५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाले. पुढे जिल्हावार संपूर्ण साक्षरता अभियाने झाली, कलापथके फिरली, घोषणा झाल्या. त्यातून काही माणसे खरोखर वाचू लागली आणि अनेक स्त्रिया प्रथमच घराबाहेर सभेत बसल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पण यशाचे माप सहीच राहिले. अंगठ्याची जागा सहीने घेतली म्हणून ज्या कागदावर ती करायची तो कागद कोणाच्या बाजूचा आहे, हा प्रश्न सुटत नाही. सावकाराच्या कोऱ्या कागदावर सही करणारा साक्षर माणूस अंगठा उठवणाऱ्याइतकाच बुडतो.

येथे अमेरिकेतील काळ्या बांधवांचा एक दाखला आठवतो. दक्षिण कॅरोलायना राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेतील उतारा वाचून दाखवण्याची अट होती. काळ्या माणसांना मतापासून दूर ठेवण्यासाठीच ती वापरली जाई. जॉन्स आयलंड या बेटावर १९५७ च्या जानेवारीत सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत एक प्रौढवर्ग सुरू झाला. शिकवणारी बर्नीस रॉबिन्सन केशरचनेचा व्यवसाय करणारी बाई होती, शिक्षिका नव्हे. तिने पहिल्याच दिवशी विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? मुलांचे पुस्तक बाजूला ठेवून तिने मनीऑर्डरचा फॉर्म, वस्तू मागवण्याची यादी आणि मतदार नोंदणीचा कायदा हेच पाठ्यपुस्तक केले. काही महिन्यांत त्या वर्गातील माणसे मतदार झाली. पुढे असे नागरिकत्वाचे वर्ग साऱ्या दक्षिणेत पसरले. जेथे अक्षराच्या पलीकडे अधिकार दिसतो, तेथे वर्गाला हजेरीची चिंता पडत नाही.

मेळघाटात असा वर्ग भरण्याची वेळ आली ती २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर. त्याआधी १९९६ चा पेसा कायदा आला होता. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने तो येथे लागू आहे. पण जमिनीशी थेट जोडलेला प्रश्न वनहक्काने उभा केला. २००८ च्या नियमांनी गावोगाव ग्रामसभेतून दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडायची होती, तिच्यात स्त्रियांचा वाटा ठरलेला होता. दावा गावानेच लिहायचा, तपासायचा, नकाशा काढायचा. ज्या कोरकू माणसाला सही शिकण्यात रस नव्हता, तो आता फॉर्मवरील रकाने समजून घेण्यासाठी रात्री बसू लागला. वैयक्तिक दावा कोणता, सामूहिक कोणता, हद्द कशी दाखवायची, अपील किती दिवसांत करायचे, हे विषय झाले. चर्चा कोरकूत, लिहिणे मराठीत. मी त्यांपैकी काही बैठकांत मागे बसून होतो. तीस वर्षांपूर्वी आम्हाला जे साधले नव्हते ते कोणी न सांगता घडत होते.

या कायद्याच्या नियमांत एक तरतूद आहे, तिच्याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. पुरावा म्हणून सरकारी कागद चालतोच. पण विहिरी, दफनभूमी, देवाची जागा यांसारख्या खुणाही चालतात, आणि दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेली हकिगत लिहून घेतली तर तीही चालते. म्हणजे ज्याला आपण निरक्षर म्हणून वर्गात बसवत होतो, त्याची स्मृती कायद्याने पुरावा मानली. या वर्गात म्हातारा सांगतो आणि शाळा शिकलेला नातू लिहून घेतो. गुरू कोण, शिष्य कोण?

विदर्भात याला जोड देणारी उदाहरणे आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावात कितीतरी वर्षे अभ्यासगट चालत आला आहे. तेथे एक विषय घेऊन चर्चा होते, जाणकाराला बोलावले जाते. निर्णय मात्र अभ्यासगट करीत नाही, तो ग्रामसभा सर्वसहमतीने करते. या गावाला २००९ साली १८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. मेळघाटाच्या पायथ्याशी परतवाड्याच्या बाजूला पायविहीर हे छोटे गाव आहे. 'खोज' या संस्थेच्या साहाय्याने गावाने दावा केला, २०१२ साली हक्क मिळवला, उजाड रान राखले, सीताफळाची विक्री स्वतः केली. २०१४ साली या कामाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार मिळाला. हिशेब, बाजारभाव, रोपांची निगा हे सारे तेथील माणसे काम करता करता शिकली.

परंतु या वर्गातही एक ओळ मागे बसलेली असते, आणि आपला प्रश्न तेथे आहे. मेळघाटात केवळ कोरकू राहत नाहीत. कोरकूंनी ज्यांना खालचे मानले ते निहाल आहेत, गवळी आहेत, बलई आहेत, बौद्ध आहेत. अनुसूचित जमातीत नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, रहिवास सिद्ध करावा लागतो. हिशेब केला तर १९३० साल येते. १९३० चा कागद आणा! महाडला पाण्याला हात लावण्यासाठी आणि अमरावतीला देवळाच्या पायरीसाठी ज्यांना १९२७ साली झगडावे लागले, त्यांच्या नावाचा कागद त्या काळात जपून ठेवायला कोण बसले होते? ज्यांच्या हातात लेखणी येऊ दिली नाही, त्यांच्याकडेच लेखी पुरावा मागायचा, ही विटंबना आहे. वास्तविक नियम तेवढे कठोर नाहीत. वडीलधाऱ्यांची साक्ष त्यांनाही चालते, आणि २०१२ च्या दुरुस्तीने एकाच प्रकारच्या पुराव्याचा हट्ट धरू नये असेही बजावले आहे. पण हे ज्याला ठाऊक नाही तो कचेरीतल्या पहिल्याच नकाराने घरी परततो.

२०२२ पासून १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी पाच वर्षांचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला गेला आहे. पुन्हा स्वयंसेवक नेमले जातील, पुन्हा परीक्षा होतील. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. आपल्यातील जे तरुण-तरुणी शिक्षक वा कार्यकर्ते म्हणून डोंगरावर जातील, त्यांना माझे सांगणे एवढेच की वर्ग होळीनंतर सुरू करा, पहिला महिना त्यांची भाषा ऐका, आणि पाटीआधी गावातला प्रश्न समोर ठेवा. बलई, गवळी आणि बौद्ध घरांतील सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसे अजून आहेत. आजोबा कोणत्या नाल्याकाठी राहत होते, कोणाला कोठे पुरले, कोणत्या साली कोणाचे घर जळाले, हे त्यांना आठवते. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. सांगणाऱ्याचे नाव, वय आणि तारीख टाकून त्यांचे म्हणणे लिहून घ्या, ते त्यांनाच वाचून दाखवा, मग ग्रामसभेपुढे ठेवा. कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील जुनी नावे शोधून जोडा. एकेक म्हातारा जातो तेव्हा एकेक दावा त्याच्याबरोबर जातो. हे काम या उन्हाळ्यात व्हायला हवे.