मुलीसाठी कन्या प्रशाला की सहशिक्षण?

सोलापूर : प्राथमिक शिक्षण संपत आले, की मुलीला कन्या प्रशालेत घालावे की मुलामुलींच्या एकत्रित शाळेत, हा प्रश्न अनेक घरांत उभा राहतो. बहुभाषिक सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू की इंग्रजी माध्यम, हा पेचही त्याला जोडलेला असतो.

परंपरा
फुले दाम्पत्याने १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८४ मध्ये हुजूरपागा सुरू झाली. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनचे कार्य सोलापुरातही पोहोचले. येथील सेवासदन प्रशाला त्याच परंपरेतील. मुलांसोबत मुलीला बसविण्यास घरचे तयार नसत, तेव्हा अशा शाळांनीच मुलींना वर्गाची वाट दाखविली.

संशोधन काय सांगते?
अमेरिकेतील अभ्यासकांनी २०१४ मध्ये २१ देशांतील १८४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. विद्यार्थ्यांची पार्श्वभूमी विचारात घेतलेल्या अभ्यासांत दोन्ही प्रकारच्या शाळांमधील फरक नगण्य आढळला. मात्र सोडत पद्धतीने शाळा मिळणाऱ्या सेऊलमधील एका अभ्यासात स्वतंत्र शाळांतील विद्यार्थ्यांची कामगिरी सरस दिसली. केरळच्या बालहक्क आयोगाने २०२२ मध्ये सर्व शाळांत सहशिक्षण आणण्याचा आदेश दिला होता.

खरी अडचण
ग्रामीण भागात हा पर्याय अनेकदा नावापुरताच असतो. गावची शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल दुसऱ्या गावी. अशा वेळी ‘मुलांच्या शाळेत नको’ या हट्टापायी मुलीचे शिक्षणच थांबते आणि लग्नाची बोलणी सुरू होतात. ग्रामीण विद्यार्थिनींना एस.टी.चा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. तो घेऊन दूरची शाळा गाठणे केव्हाही हिताचे.

पालकांनी काय पाहावे?
- गणित व विज्ञानाचे नियमित शिक्षक, वापरात असलेली प्रयोगशाळा.
- पाणी असलेले, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह.
- सखी सावित्री समिती व तक्रारपेटी. समिती स्थापण्याचा शासन निर्णय २०२२ चा आहे. तिच्या बैठका होतात का, हे विचारावे.
- मैदान मुलींनाही मिळते का आणि सहशिक्षणात वर्गप्रमुखपद त्यांच्याकडे येते का.
- दहावीनंतर विज्ञान शाखेची सोय.

कन्या प्रशाला म्हणजे आपोआप सुरक्षितता नव्हे आणि सहशिक्षण म्हणजे आपोआप समानता नव्हे. म्हणूनच पाटीपेक्षा शाळेचा कारभार पारखावा आणि निर्णयापूर्वी मुलीचेही मत घ्यावे.