प्रोपोलिसची कुळकथा

पोळ्यात शिरलेला उंदीर दंशांनी मरून पडला, म्हणजे ते अवजड कलेवर बाहेर ओढून नेणे शक्य नसलेल्या मधमाश्या त्यावर एका तपकिरी, चिकट, सुगंधी द्रव्याचे लिंपण करतात आणि मग ते न कुजता जागच्या जागी वाळून राहते, हा युरोपातील मधुपालांचा जुना अनुभव आहे. हे द्रव्य म्हणजे प्रोपोलिस. रुतलेली नांगी काढण्यास, सूज उतरविण्यास व चिघळलेली क्षते भरून आणण्यास ते उपयोगी पडते, असा दाखला रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्याच शतकात दिलेला आहे.

परंतु या द्रव्याची वंशावळ काढू गेल्यास मूळ पुरुष माशी नव्हे, तर वृक्ष ठरतो. पॉपलरची कोवळी कळी बुरशी व कीटकांपासून बचावासाठी अंगावर जी राळ पाझरविते, तीच कामकरी माशी जबड्याने खरवडून, मागील पायांवर वाहून आणते आणि मेण मिसळून फटी बुजविण्याच्या कामी लावते. ब्राझीलमध्ये पॉपलरची जागा बाखारिस नावाचे झुडूप घेते व द्रव्याचा रंगही हिरवा होतो. आमची सह्याद्रीतील सातेरी मधमाशी मात्र या राळेच्या वाटेला सहसा जात नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी १९८८ साली प्रोपोलिसमधून कॅफेइक आम्लाचे फेनेथिल एस्टर वेगळे केले आणि संवर्धनपात्रातील कर्कपेशींना ते निरोगी पेशींपेक्षा अधिक घातक ठरते, असे दाखविले. नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणूवरील प्रयोग तर विशेष उद्बोधक आहेत: पेशीत शिरण्यापूर्वी विषाणूची प्रोपोलिसच्या अर्काशी गाठ पडली, तर त्याची संसर्गशक्ती जवळजवळ नाहीशी होते; पण एकदा तो आत शिरून ठाण मांडून बसला, की अर्काचा फारसा इलाज चालत नाही. शिवाय फ्रेंच संशोधकांना ज्या एका एस्टरात हा विषाणुरोधक गुण आढळला, तेच कित्येकांच्या त्वचेवर पुरळ उठविणारे मुख्य द्रव्य आहे.

काचपात्रातील पेशींनी दिलेली ही साक्ष मोलाची आहे; परंतु रुग्णाच्या देहात, यकृताच्या व रक्ताच्या कारभारातून पार पडल्यावरही ती टिकते, याचा पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. म्हणून या अर्काच्या भरवशावर कर्करोगाचे चालू उपचार कोणीही थांबवू नयेत, आणि तो घ्यावयाचाच असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावे.