मोडीच्या तराजूत इतिहास

जालना म्हटलं की आज सळई आठवते. इथल्या भट्ट्यांमध्ये गावोगावचं भंगार येतं, वितळतं आणि सळई होऊन बांधकामांवर जातं. एके काळी व्यापाराच्या जोरावर 'जालना, सोने का पालना' म्हणवून घेणाऱ्या शहराची ही आजची ओळख. त्या भंगारात तुटका फाळ असतो, गंजलेली कडी असते, कधी एखादा अडकित्ताही असतो. त्याची मूठ कुणा लोहारानं घोड्याच्या तोंडासारखी घडवलेली असते. भट्टीला ते दिसत नाही.

तांब्या-पितळेचंही तसंच झालं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी हंडे, घंगाळं, पराती विकून धान्य आणलं. पुढे स्टीलची भांडी आली. कलई नको, चिंचेनं घासणं नको, म्हणून उरलंसुरलं मोडीत गेलं. याचा दोष कुणाला द्यायचा? पोट आणि मनगट यांचे प्रश्न आधीचे असतात. पण मोडीच्या तराजूत भाव मिळतो तो वजनाला, नक्षीला नव्हे.

हा तराजू नाकारणारा एक माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर. जन्म १८९६, मृत्यू १९९०. घरचा धंदा चष्म्यांचा आणि कविता लिहायची ती 'अज्ञातवासी' या नावानं. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला, तो अखेरपर्यंत सुटला नाही. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. राजा नावाचा त्यांचा मुलगा बालपणीच गेला. त्याच्या नावानं संग्रहालय उभं राहिलं. १९७५ मध्ये केळकरांनी हा सारा संग्रह राज्य शासनाला देऊन टाकला. वीस हजारांच्या वर वस्तू! दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं, पाय घासायच्या वज्र्या, वाद्यं, कोरीव दरवाजे.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथंही एक मोठे संग्राहक झाले. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान. त्यांच्या पश्चात १९५१ मध्ये खुलं झालेलं संग्रहालय पाहताना डोळे दिपतात. युरोपातली घड्याळं, संगमरवरी पुतळे, चिनी मातीची भांडी. जहागिरीच्या उत्पन्नावर जग घरी आणता येतं. केळकरांनी मात्र आपलं माजघर जमवलं. तिथला अडकित्ता पाहून कुणालाही वाटावं, असा तर आमच्याकडेही होता.

आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? आमच्या मुसलमान घरांत तोटीचा बदना, पानदान, सुरमादाणी; शेजारच्या घरात समई, तबक, पानपुडा. पण ठोके देणारा तांबट बऱ्याचदा एकच, आणि कलई करायला दारोदार फिरणारा कलईगरही तोच. माणसं कशी शेजारी राहिली, हे पोथ्यांपेक्षा या भांड्यांना जास्त ठाऊक आहे.

पण वस्तू नुसती उचलून ठेवली म्हणजे भागत नाही. ती कुठली, कुणाची, कशासाठी, हे सोबत हवं. आपल्या गोदाकाठचंच उदाहरण घ्या. केळकरांच्या संग्रहात रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची, ठसठशीत रेषांची जुनी चित्रं आहेत. एकेक पान पुढे धरून चित्रकथी त्यावरून गोष्ट सांगत. ही चित्रं पैठणला मिळाली, म्हणून त्या शैलीला पैठणचं नाव पडलं. पण तशाच चित्रांच्या पोथ्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी जपल्या आणि तिथं ही कला आजही जिवंत आहे. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. वस्तू सापडली एकीकडे, तिची परंपरा नांदते दुसरीकडे. नोंद आणि माणूस, दोन्ही शोधले तरच असा धागा जुळतो.

नोंदीची गरज आपल्या जिल्ह्यानं चटका सोसून जाणली आहे. घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. तिथल्या राममंदिरातल्या जुन्या पंचधातूच्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी चोरीचा छडा लावला. ही बातमी राज्यभर गाजली. पण घराच्या माळ्यावरचा लामणदिवा गेला तर कोण ओळखणार? शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगीरीत्या परदेशी पाठवायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे, त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. मात्र ज्या वस्तूचा फोटो नाही, वर्णन नाही, ती आपली म्हणून कायद्यापुढे सिद्ध तरी कशी करणार?

सगळ्यांना केळकर होता येणार नाही, आणि प्रत्येक गावात संग्रहालय उभं राहणार नाही. पण प्रत्येक शाळेला एक वही करता येईल. मुलांनी आपापल्या घरातली एक जुनी वस्तू घ्यावी. तिचं घरातलं नाव, ती कशाला वापरत, कुठून आली, कुणी घडवली, हे आजीला विचारून लिहावं. सोबत एक फोटो चिकटवावा.

आपल्याकडे भांड्यांवर नावं टोचायची रीत आहे. कोणत्या लग्नात कोणत्या मामानं दिलं, ते त्या ठिपक्यांत वाचता येतं. देणाऱ्याचं नाव राहतं, घडवणाऱ्याचं राहत नाही. तो खरा अज्ञातवासी. शाळेच्या वहीत एक रकाना त्याच्यासाठी ठेवू या. आजीला तो तांबट किंवा लोहार आठवत असेल, तोवरच तो भरून घेता येईल.