पाट्याची चार कामे: मसल कारच्या मागच्या सस्पेन्शनची कुळकथा

बेताच्या किमतीची मध्यम किंवा लहान गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीला शोभेल असे व्ही-८ इंजिन बसवायचे, या साध्या हिशेबातून १९६४ नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत ज्या गाड्या निघाल्या, त्यांना पुढे ‘मसल कार’ हे नाव चिकटले. या गाड्या हौसेने जतन करणाऱ्यांच्या जगात मागच्या सस्पेन्शनच्या सुधारणेचा, म्हणजे मागची चाके आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, दांडे आणि शॉक अब्झॉर्बर बदलण्याचा, विषय हटकून निघतो. त्यासाठी मिळणारे सुटे भाग नवीन म्हणून विकले जात असले, तरी त्यांतील काहींचे कूळ मोटारीहूनही जुने आहे. आणि जो दोष दूर करण्यासाठी ते बसवले जातात, त्याचे मूळ घोडागाडीपर्यंत जाते.

एकावर एक रचलेल्या, किंचित वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, जिला महाराष्ट्रातील ट्रकच्या गॅरेजांत ‘पाटे’ म्हणतात, ती घोडागाड्यांच्या कारागिरांची देणगी होय. लंडनच्या ओबडाया इलियट यांनी १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले आणि त्यानंतर हलक्या, ऐसपैस झुलणाऱ्या बग्ग्या शक्य झाल्या. या पाट्यांकडे काम मुख्यतः एकच होते, ते म्हणजे गाडीचे ओझे पेलून रस्त्याचे धक्के गिळणे. कारण गाडी ओढण्याचे बल घोड्याकडून येत असे आणि चाक आसावर नुसते मोकळे फिरत असे. इंजिन आल्यावर हा क्रम उलटला. आता बल मागच्या ॲक्सलमधून, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या आसातून, निघू लागले आणि त्याने गाडीला मागून ढकलायचे होते. शिवाय ॲक्सलच्या पोटातील गियर चाकांना पुढे फिरवतात, तेव्हा क्रिया-प्रतिक्रियेच्या नियमाने ॲक्सलचे बाहेरचे कवच नाक वर करून उलटे फिरू पाहते. या पिळाला आवर घालणारे काहीतरी हवे होते.

त्यावर दोन उत्तरे निघाली. पहिल्यात इंजिनाकडून येणारा फिरता दांडा एका भक्कम नळीत घालून ती नळी ॲक्सलला घट्ट जोडत, म्हणजे पीळ आणि ढकल दोन्ही नळीच सोसत असे. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये हीच रचना होती. दुसऱ्या उत्तराला बेंजामिन हॉचकिस या अमेरिकी बंदूककाराने फ्रान्समध्ये स्थापन केलेल्या, आणि पुढे मोटारी बनवू लागलेल्या, कंपनीचे नाव मिळाले. हॉचकिस रचनेत नळी नाही; सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना लांबीच्या दिशेने पाटे बसवायचे आणि ॲक्सल त्यांनाच आवळायचा. ओझे पेलणे, गाडी ढकलणे, ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणे आणि पीळ सोसणे, अशी चारही कामे त्यामुळे पाट्यांच्या गळ्यात पडली. हिशेबनिसाच्या दृष्टीने याहून चांगली रचना सापडणे अवघड, कारण एका भागाच्या किमतीत चार भागांचे काम होत होते. फोर्डनेही १९४८ पर्यंत नळी वापरून १९४९ च्या मॉडेलपासून हॉचकिस रचना पत्करली.

हा काटकसरीचा संसार शक्ती माफक असेपर्यंत सुरळीत चालला. १९६० ची फोर्ड फाल्कन ९० अश्वशक्तीची साधी कुटुंबवत्सल गाडी होती. १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आलेली मस्टँग तिच्याच सामग्रीतून घडवलेली होती, आणि १९६८ पर्यंत त्या वंशातल्या गाडीत जाहीर ३३५ अश्वशक्तीचे ४२८ कोब्रा जेट इंजिन बसू लागले. मागे मात्र तोच सलग ॲक्सल आणि तेच पाटे. शेवरोलेने तर १९६७ च्या बहुतेक कमॅरोंना एकाच पट्टीचा पाटा दिला. ट्रकचे पाटे ओझ्यासाठी इतके जाड असतात की ते सहसा पिळवटत नाहीत. मोटारीचे पाटे मात्र आरामासाठी मऊ ठेवलेले असतात. त्यामुळे अशा गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला की ॲक्सलचे नाक उचलले जाऊन पाट्याला नागमोडी वळण पडते, टायरची पकड सुटते, पाटा झटक्यात सरळ होतो, पकड पुन्हा बसते आणि पुन्हा पीळ भरतो. हे चक्र सेकंदात कित्येकदा घडून चाक रस्त्यावर अक्षरशः थयथयाट करते. यावर कारखान्यांनी काढलेला स्वस्त तोडगा असा की एक शॉक अब्झॉर्बर ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे तिरका लावायचा. १९६८ च्या कमॅरोत तो आला आणि कोब्रा जेट मस्टँगच्या चार गियरच्या गाड्यांतही.

क्रायस्लरची युक्ती अधिक मुरलेली होती. तिच्या पाट्यांचा ॲक्सलपुढचा भाग आखूड व ताठ आणि मागचा लांब व लवचीक असे, म्हणजे पीळ सोसण्याचे काम पुढच्या तुकड्यावर आणि आरामाचे मागच्यावर सोपवलेले होते. सरळ रेषेच्या शर्यतीसाठीच्या तिच्या ‘सुपर स्टॉक’ पाट्यांत तर उजवी आणि डावी बाजूही वेगळी असे; कारण इंजिनाकडून येणारा दांडा फिरताना ॲक्सलला आडवाही पीळ देतो, डावे चाक दाबले जाते आणि उजवे हलके होते. एकाच भागाच्या आत अशी श्रमविभागणी करण्याची ही कल्पकता वाखाणण्याजोगी आहे.

ज्यांच्याकडे असे पाटे नव्हते, त्यांनी चौथे काम पाट्याकडून काढूनच घेतले. कॅरोल शेल्बी यांच्या कारखान्यात १९६५ मध्ये मस्टँगपासून घडवलेल्या जीटी ३५० मध्ये ॲक्सलच्या वरून पुढे गाडीच्या अंगात जाणारे दांडे होते, ते याचसाठी. त्याहून स्वस्त प्रकार म्हणजे पाट्याखाली ॲक्सलला आवळलेली एक पट्टी, जिच्या पुढच्या टोकावरचा रबरी ठोकळा ॲक्सल फिरू लागताच पाट्याच्या पुढच्या टोकाखाली जाऊन टेकतो आणि फिरणे थांबवतो. हा इलाज ओबडधोबड असला तरी चालतो, एवढीच त्याची थोरवी.

वळणावर ॲक्सल आडवा सरकू नये, हे तिसरे काम काढून घेणारे भाग मात्र जुन्या घराण्यातले आहेत. पॅनहार्ड दांडा एका फ्रेंच मोटार कंपनीचे नाव मिरवतो. त्याचे एक टोक सांगाड्याला आणि दुसरे ॲक्सलला असते, पण ॲक्सल वरखाली होताना ते टोक वर्तुळाच्या कंसातून फिरत असल्याने ॲक्सल थोडा बाजूला ओढला जातोच. हा दोष टाळणारी जोडणी जेम्स वॉट यांच्या १७८४ च्या पेटंटातली आहे. वाफेच्या इंजिनातील दट्ट्याचा दांडा सरळ रेषेत चालावा म्हणून त्यांनी ती योजली होती: दोन लांब भुजा एका आखूड दुव्याच्या दोन टोकांना जोडल्या की दुव्याचा मध्य जवळजवळ सरळ वरखाली होतो. तो मध्य ॲक्सलला जोडायचा एवढेच मोटारीसाठी करावे लागते. पाटेच काढून टाकून चार भुजा आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा बसवणे ही त्यापुढची पायरी होय. १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ आणि तिच्या जनरल मोटर्सच्या भावंडांना ती रचना कारखान्यातूनच मिळाली होती आणि तिच्यात वरच्या दोन भुजा तिरक्या ठेवून आडवे सरकणेही आवरलेले होते.

दोन्ही चाके एकमेकांपासून सुटी करणारे स्वतंत्र सस्पेन्शन मस्टँगच्या साध्या मॉडेलांना २०१५ मध्ये मिळाले. तरीही फोर्डने २०१६ च्या कोब्रा जेट या शर्यतीच्या मस्टँगमध्ये पुन्हा सलग ॲक्सलच बसवला. थांबलेल्या जागेवरून सगळी शक्ती एकदम सोडायची असेल, तर मजबुतीत सलग ॲक्सल अजून हार मानत नाही.

पाट्याचे मात्र अमेरिकेच्या सर्वांत दिमाखदार घरात वेगळेच झाले. शेवरोलेच्या १९६३ च्या कॉर्व्हेटमध्ये मागचे सस्पेन्शन स्वतंत्र होते आणि चाकांना जागेवर धरण्याचे काम भुजा व अर्धे आस करत; त्यांच्यावर एकच पाटा आडवा टाकलेला होता आणि त्याच्याकडे ओझे पेलण्याखेरीज दुसरे काम नव्हते. १९८१ पासून तो काचतंतूंचाही होऊ लागला, आणि २०२० च्या नव्या मॉडेलमध्ये गुंडाळीच्या स्प्रिंगा येईपर्यंत कॉर्व्हेटचे मागचे ओझे त्यानेच पेलले.