वामन मल्हार जोशी: वाद घालणाऱ्या कादंबऱ्या

बीड जिल्ह्यातलं कपिलधार म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात, पावसाळ्यातला धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला इथं दिंड्या येतात. स्वामींच्या ‘परमरहस्य’ची पारायणं आजही होतात. वीरशैव तत्त्वज्ञान मराठी ओवीत सांगणारा हा ग्रंथ. त्याची रचना बघा: पार्वती विचारते आणि शिव उत्तर देतात. अवघड विचार लोकांपर्यंत न्यायचा तर दोघांच्या बोलण्यातून न्यावा, ही आपल्याकडची जुनी रीत.

आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्यांनी हीच रीत कादंबरीत आणली. पण त्यांच्या कादंबरीत शेवटचं उत्तर देणारं कुणी नाही. नाव वामन मल्हार जोशी.

जन्म १८८२ चा, कोकणातल्या तळे गावचा. १९०६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाले. त्या काळी एम. ए. म्हणजे सरकारी नोकरीचा सरळ रस्ता. हे मात्र गेले कोल्हापूरला, प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात. तिथं ‘विश्ववृत्त’ मासिकाचं काम बघू लागले. १९०८ मध्ये त्यात पं. सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा एक लेख छापून आला. सरकारला त्यात राजद्रोह दिसला. वामनरावांना तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. लेख दुसऱ्याचा, पण छापण्याची जबाबदारी यांची!

आता असा माणूस बाहेर आल्यावर कडवट, एकारलेलं लिहील असं वाटतं ना? झालं उलटंच. १९१५ मध्ये ‘रागिणी’ आली. तिच्यात पतिनिष्ठ रागिणी आहे आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी भांडणारी उत्तराही आहे. दोघींनाही बोलायला पुरेशी जागा. पुढे ‘सुशीलेचा देव’ (१९३०) मध्ये एका बाईची देवाबद्दलची कल्पना आयुष्याबरोबर कशी बदलत जाते ते दाखवलं. ‘इंदू काळे व सरला भोळे’ (१९३४) तर पत्रांतूनच लिहिली. त्यात कला मोठी की नीती, यावर वाद रंगतो. पत्रांमुळे प्रत्येकाची बाजू त्याच्याच तोंडून ऐकू येते.

या मधल्या काळात ते हिंगण्याला, अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेत मुलींना शिकवत होते. म्हणजे बाईनं स्वतः विचार करावा का, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकातला नव्हता, रोज समोरच्या बाकांवर बसलेला होता.

जगात असे लोक थोडेच. इंग्लंडच्या आयरिस मर्डॉक ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवायच्या आणि त्यांनी २६ कादंबऱ्या लिहिल्या. गंमत म्हणजे त्या १९१९ साली जन्मल्या, आणि त्याच वर्षी वामनरावांचं ‘नीतिशास्त्रप्रवेश’ आलं. मर्डॉकबाई म्हणायच्या की तत्त्वज्ञान आणि कादंबरी ही दोन वेगळी कामं. वामनरावांनी मात्र ती बिनधास्त एकत्र केली.

याची किंमतही आहे. त्यांच्या कादंबऱ्यांत चर्चा लांबते, गोष्ट थांबून राहते. आजच्या वाचकाला पानं उलटावीशी वाटतील. तक्रार खरी आहे. पण त्या चर्चांमध्ये एक गोष्ट सांभाळलेली दिसते: ज्याचं म्हणणं लेखकाला पटत नाही, त्यालाही मूर्ख ठरवलेलं नाही. ज्या माणसाला छापलेल्या शब्दांसाठी तुरुंगात टाकलं, त्यानं स्वतःच्या पुस्तकात कुणाचंच तोंड बंद केलं नाही. मला त्यांच्या कामातलं हे सगळ्यात मोठं वाटतं.

१९३० मध्ये मडगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९४३ मध्ये गेले.

फॅमिली ग्रुपवर वाद पेटला की आपण काय करतो? म्यूट, नाहीतर लेफ्ट. त्याआधी एकदा ‘इंदू काळे व सरला भोळे’ वाचून बघा. सुरुवातीची पन्नास पानं धीर धरा. कुणाची बाजू पटली ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.