डबा, बोर्डिंग आणि न ऐकणारी पोरं

दिवाळीच्या सुट्टीआधी धाकट्याच्या डायरीत लाल शाईनं शेरा आला. "शिस्तभंग. पालकांनी भेटून जावे." धाकटा नववीत, थोरली बारावीत. म्हणजे घरात सध्या दोन ज्वालामुखी आणि मध्ये मी :)

शेरा वाचला आणि माझा पारा चढला. काय केलंस? कुणाशी भांडलास? मोबाईल नेला होतास का? माझी सरबत्ती सुरू आणि हा गप्प. सहावी-सातवीपर्यंत शाळेतून आला की दप्तर खाली ठेवायच्या आधी दिवसभराचं सगळं सांगून मोकळा व्हायचा. आता "काही नाही" आणि "सोड ना" या दोन वाक्यांवर आठवडा निघतो. दोन दिवस घरात अबोला. शेवटी थोरलीनंच भांडी आवरता आवरता सांगितलं. "अगं, त्याच्या मित्राची वही अपुरी होती म्हणून त्याला मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर बसवलं होतं. हा आपला डबा घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसला. बाईंनी आत ये म्हटलं तर आला नाही. एवढंच."

एवढंच! मला रागवावं की पाठीवर थाप द्यावी तेच कळेना. नियम तर मोडलाच होता. बाईंचं ऐकलं नाही हेही खरं. पण डबा घेऊन जाऊन बसलेला तो पोरगा डोळ्यांसमोरून हलेना. आणि त्या रात्री मला आठवले ते भाऊराव पाटील. आपले कर्मवीर.

तुम्ही म्हणाल, कुठे हा नववीतला पोरगा आणि कुठे कर्मवीर! मान्य. पण पुतळा व्हायच्या आधी कर्मवीरसुद्धा कुणाचे तरी न ऐकणारे चिरंजीव होतेच की. आणि त्यांनी केलेला शिस्तभंगही जेवणाशीच निगडित होता.

थोडं मागं जाऊ. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. आपण दसरा चौकातून रोज जातो, तिथल्या बोर्डिंगांच्या पाट्या वाचतो आणि सिग्नल सुटला की विसरतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या पाट्यांचा अर्थ फार मोठा होता. हायस्कूल शहरात आणि मुलं खेड्यात. चौथीपर्यंत गावात शिकायचं आणि पुढं शिकायचं तर कोल्हापूर गाठायचं. आता कोल्हापुरात राहायचं कुठं आणि जेवायचं कुणाकडं? शेतकऱ्याच्या पोराची शाळा फीपेक्षा या दोन प्रश्नांवरच अडायची. शाहू महाराजांनी ते नेमकं ओळखलं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि पुढं अशी कितीतरी. जातवार वसतिगृहं कशाला, असं आज वाटतं. पण एका पंगतीत बसणंच जिथं अशक्य होतं तिथं आधी प्रत्येकाला निदान एक पंगत तरी मिळू दे, असा तो हिशेब होता.

महाराजांना ही निकड कळली याचं मला आई म्हणून एक वेगळंच कारण दिसतं. ते तीन वर्षांचे असताना त्यांच्या आई राधाबाई गेल्या. १८८४ साली, दहाव्या वर्षी, कागलच्या घाटग्यांच्या घरातून दत्तक येऊन ते कोल्हापूरचे छत्रपती झाले. १८८५ साली शिकायला थेट काठेवाडात, राजकोटच्या राजकुमार कॉलेजात. तिथं असतानाच १८८६ साली वडीलही गेले. म्हणजे ज्या वयात आपली पोरं "आई, माझा मोजा कुठाय" म्हणून घर डोक्यावर घेतात, त्या वयात हा मुलगा परमुलखातल्या वसतिगृहात आई-वडिलांविना राहत होता. छत्रपती असला म्हणून काय झालं, रात्री आठवण यायची ती येतच असणार.

तर या कोल्हापुरात कुंभोजचा एक दांडगा मुलगा राजाराम हायस्कुलात शिकायला आला. जन्म १८८७ चा. वडील पायगोंडा महसूल खात्यात, आई गंगाबाई. पोरगा पोहण्यात, कुस्तीत पटाईत आणि अभ्यासात बेताचा. लहानपणी अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून त्यानं विहिरीचा रहाटच मोडून टाकला होता, अशी गोष्ट सांगतात. (असा मुलगा पोटी असला की आईला शेजारणींकडून काय काय ऐकून घ्यावं लागत असेल!) कोल्हापुरात त्याची सोय जैन बोर्डिंगात झाली. १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला तो गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, आंघोळ कर आणि मगच जेवायला ये. तो म्हणाला, नाही करणार. परिणाम? बोर्डिंगातून नाव कमी!

तेव्हा भाऊराव वीस-एकवीस वर्षांचे होते. त्या काळी हायस्कुलात एवढी मोठी मुलं असत, त्यामुळे माझ्या चौदा वर्षांच्या पोराशी वयाची बरोबरी नको. पण आईच्या जागेवरून बघितलं तर गोष्ट तीच. घरी निरोप आला असेल, "तुमच्या मुलाला काढून टाकलं." मी स्वतःला गंगाबाईंच्या जागी ठेवून बघते. माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असतं? "शाब्बास" नक्कीच नाही. "मेल्या, एक तांब्या अंगावर ओतून घेतला असतास तर काय झिजला असतास का?" हेच!

आणि दुसरी बाजूही बघा. तेव्हा त्या बोर्डिंगचे प्रमुख होते अण्णासाहेब लठ्ठे. ते काही खलनायक नव्हते. स्वतः सत्यशोधक विचारांचे, पुढं कोल्हापूरचे दिवाण, १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री, शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे. एवढा शहाणा माणूस! पण वसतिगृह चालवायचं म्हणजे नियम आले, आणि तो नियम त्या काळच्या प्रत्येक घरात होता. म्हणजे चांगल्या माणसानं चांगल्या हेतूनं चालवलेल्या नियमालासुद्धा एखादं पोरगं "नाही" म्हणू शकतं, आणि शंभर वर्षांनी कळतं की पोराचंच बरोबर होतं. पंचाईत अशी की त्या दिवशी ते कुणालाच कळत नाही. दारावरची टपोरीगिरी आणि मनातला ठामपणा बाहेरून अगदी सारखेच दिसतात. हायस्कूलच्या वर्षांत आईची खरी परीक्षा हीच आहे, आणि त्याची गाईडं बाजारात मिळत नाहीत.

भाऊरावांचं पुढं काय झालं? शाहू महाराजांनी त्यांना राजवाड्यावर ठेवून घेतलं. एक दार बंद झालं त्या दिवशी दुसरं उघडं होतं. मला वाटतं, या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. राजवाड्यावर राहूनही पोरगं काही चमकलं नाही. मॅट्रिकचा टप्पा शेवटपर्यंत पार झालाच नाही. "वाया गेला" हा शिक्का मारायला एवढं सामान पुरेसं होतं. त्याच माणसानं १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, ज्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि एकत्र जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला नाव दिलं गेलं, छत्रपती शाहू बोर्डिंग. ज्यानं आपल्याला दार उघडलं त्याचं नाव दारावर!

पण एवढी पोरं जेवली कशी? इथं येतात लक्ष्मीबाई. कुंभोजच्याच खात्यापित्या घरची, सोवळं-ओवळं पाळणाऱ्या वळणात वाढलेली बाई. तिच्या स्वयंपाकघरात एकदम सगळ्या जातींची, गावोगावची पोरं आली. आणि पोरं कुठल्या वयाची? आपल्या घरातल्यासारखीच, तासाला भूक लागणारी. (एक पोरगा दोन भाकऱ्या कधी संपवतो ते बघताना मला धडकी भरते. तिथं पंगतच्या पंगत.) धान्य संपलं की लक्ष्मीबाईंचा एकेक दागिना मोडायचा. शेवटी भाऊराव गावाला गेलेले असताना घरात दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्रही दिलं, असं सांगतात. १९३० साली त्या गेल्या. भाऊरावांना पुढं पुणे विद्यापीठाची डी.लिट. मिळाली, १९५९ साली पद्मभूषण मिळालं. ते बघायला त्या नव्हत्या.

मी हे सगळं जेवताना सांगत होते तर थोरली म्हणाली, "सगळी मुलंच आहेत तुझ्या गोष्टीत. मुली कुठायत?" बरोबर पकडलं. मुलींसाठी अशी बोर्डिंगं तेव्हा फार कुठं होती? पण एक गोष्ट कोल्हापूरचीच आहे. १९१८ साली महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीतल्या अपघातात गेले, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. मागं राहिल्या इंदुमतीदेवी, अकरा वर्षांच्या. त्या काळी अशा मुलीनं कोपऱ्यात बसायचं असा रिवाज होता. महाराजांनी मुलाच्या दुःखात बुडालेले असतानाही सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळीला केली. सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. राजघराण्यातून विरोध झाला तरी मागं हटले नाहीत. १९२२ साली महाराज गेले, पण इंदुमतीदेवी शिकल्या, मॅट्रिक झाल्या आणि पुढं कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी झटल्या. थोरली ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे सासरे आई झाले." याच्यावर मी काय बोलणार?

असो. तर मी शाळेत गेले. बाई भल्या होत्या. वर्गात साठ पोरं, वर पोर्शन पूर्ण करायची घाई. त्यांनी "आत ये" म्हटल्यावर यानं ऐकलं नाही याबद्दल मी माफी मागितली, मनापासून. मग धीर करून एवढंच म्हटलं, की अपुऱ्या वहीची शिक्षा वहीपुरतीच असावी, जेवणाच्या सुट्टीत नको. बाई क्षणभर गप्प झाल्या. म्हणाल्या, बघते.

घरी येऊन धाकट्याला सांगितलं, "बाईंना सॉरी म्हण, उलट वागलास म्हणून. डबा घेऊन बाहेर बसलास त्याचं नाही म्हणायचं." त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी पहिल्यांदाच काही शहाणपणाचं बोलले. त्याचा कर्मवीर होणार नाही, मला माहीत आहे. उद्या परत मोबाईलवरून भांडण होणार, हेही माहीत आहे. पण कधी कुठून नाव कमी झालं, तर यायला एक दार आहे एवढं त्याला ठाऊक असलं तरी मला पुष्कळ.

सकाळी डबा भरत होते तर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, माझ्याकडं न बघता म्हणाला, "आई, आज दोन चपात्या जास्त दे."

कशाला, असं मी विचारलं नाही.