शेरा कोणी कोणावर मारायचा? जर्मन कारागिरांचा बहिष्कार आणि १७३१ चा कायदा

१/१०
लग्नसराईत दिवसाच्या बोलीवर काम करणारे व्हिडिओग्राफर नवे काम घेण्याआधी एकमेकांना विचारतात : ही कंपनी पैसे वेळेवर देते का? काम देणाऱ्यांविषयीचे अनुभव असे वाटून घेण्याची रीत इंटरनेटच्या कित्येक शतके आधीची आहे. ती मोडण्यासाठी एका साम्राज्याला कायदा करावा लागला. त्याची ही हकीकत. 🧵

२/१०
स्थळ : पवित्र रोमन साम्राज्य, म्हणजे ढोबळमानाने आजचा जर्मनी, ऑस्ट्रिया आणि आसपासचा प्रदेश. तेथील चांभार, शिंपी, सुतार यांचे व्यवसाय गिल्ड नावाच्या संघांच्या ताब्यात असत. उमेदवारी संपवलेला तरुण कारागीर लगेच उस्ताद होत नसे. त्याला काही वर्षे गावोगाव फिरून निरनिराळ्या उस्तादांकडे मजुरीवर काम करावे लागे.

३/१०
अनोळखी शहरात पोहोचलेला कारागीर आपल्या धंद्याच्या ठरलेल्या सराईत उतरे. तिथेच त्याला काम मिळे आणि तिथेच बातम्याही कळत : कोण मजुरी बुडवतो, कोणाच्या घरचे जेवण निकृष्ट, कोण अपमान करतो. उस्तादाच्या घरीच राहायचे आणि जेवायचे असल्यामुळे ही माहिती जिव्हाळ्याची होती.

४/१०
तक्रार गंभीर असेल, तर कारागीर त्या उस्तादाला ‘फेररूफ’मध्ये टाकत. आपल्या भाषेत सांगायचे, तर वाळीत टाकत. वाद मिटेपर्यंत कोणीही त्याच्याकडे काम करायचे नाही. जो करील, त्याचीही अब्रू गेली! आज इथे असलेला कारागीर महिन्याभराने दुसऱ्या शहरी असे. त्यामुळे ही नावे त्याच्यासोबतच प्रवास करीत. कधी पत्रे धाडली जात, कधी संपूर्ण शहरच वर्ज्य ठरे.

५/१०
१७२६ मध्ये आउग्सबुर्गच्या चांभार कारागिरांचे नगरसत्तेशी बिनसले. ते काम टाकून लेख नदीपलीकडच्या फ्रीडबेर्गला निघून गेले. हे गाव काही मैलांवरच असले, तरी बव्हेरियाच्या हद्दीत होते. आउग्सबुर्गचा हुकूम तिथे चालत नसे. तेथून त्यांनी इतर शहरांतील सोबत्यांना पत्रे लिहून आउग्सबुर्गला न येण्याचे आवाहन केले.

६/१०
सत्ताधाऱ्यांना धडकी भरली ती या पत्रांमुळे. एका शहराचा दंगा शिपाई पाठवून मोडता येतो. पण शेकडो लहानमोठ्या राज्यांतून फिरणारी बातमी अडवायची कशी? सोळाव्या शतकातील बंदीहुकूम कागदावरच राहिले होते. अखेर सम्राट सहावा चार्ल्स याच्या काळात, १७३१ मध्ये, संपूर्ण साम्राज्यासाठी नवा कारागिरी कायदा झाला.

७/१०
या कायद्याने बहिष्कार आणि परस्पर पत्रव्यवहार यांवर बंदी घातली. टोकाच्या अवज्ञेसाठी देहदंडापर्यंत शिक्षा सांगितली. पण त्याची खरी शक्ती ‘कुंडशाफ्ट’ नावाच्या छापील दाखल्यात होती. त्यावर कारागिराचे नाव, जन्मस्थान, वय, बांधा, केसांचा रंग, किती दिवस काम केले आणि वर्तन कसे होते, हे नोंदवले जाई. हा दाखला नसेल, तर पुढच्या शहरी काम नाही.

८/१०
डावच उलटला. आजवर कारागीर उस्तादांविषयीचा शेरा घेऊन फिरत होते; आता स्वतःविषयीचा शेरा खिशात घालून फिरू लागले. तरीही बहिष्काराची प्रथा तत्काळ संपली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कारागिरांचे संप आणि बहिष्कार चालूच राहिले.

९/१०
मात्र कारागिरांना निव्वळ नायक ठरवणे इतिहासाला धरून होणार नाही. हेच शस्त्र दुबळ्यांवरही चाले. अनौरस जन्माचा, मांगकाम करणाऱ्या जल्लादाच्या घरचा, अगदी कुत्रे मारल्याचा आळ आलेलाही ‘अब्रूहीन’ ठरे. १७३१ च्या कायद्याने अशा काही रूढी रद्दही केल्या. मजुरी बुडवल्याची तक्रार तपासता येते. जन्माचा डाग मात्र कोणी, कसा धुवायचा? वाळीत टाकण्याचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा भेद वेगळा सांगायला नको.

१०/१०
२००५ मध्ये ॲमेझॉनने ‘मेकॅनिकल टर्क’ हा किरकोळ ऑनलाइन कामांचा बाजार सुरू केला. काम देणारा ते नाकारून पैसे न देता स्वतःकडे ठेवू शके, आणि नकाराची नोंद कामगाराच्या नावावर चढे : कुंडशाफ्टच जणू! २००८ मध्ये लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन यांनी ‘टर्कॉप्टिकॉन’ उभारले. त्यात कामगार काम देणाऱ्यांना संवाद, मोबदला, न्याय्यता आणि तत्परता या चार निकषांवर गुण देऊ लागले. म्हणून थकलेल्या बिलाची तारीख आणि रक्कम सोबत्यांना कळवणारा आजचा व्हिडिओग्राफर नवे काही करत नाही. १७३१ मध्ये हिरावून घेतलेली वही तो पुन्हा उघडतो आहे.

तुमच्या भागातील जुन्या धंद्यांत अशी माहिती कशी फिरत असे? ठाऊक असल्यास अवश्य लिहा.